डालगं

मागच्या महिन्यात एका रात्री घरात धप्प असा आवाज झाला. मोबाईलमध्ये बघितलं तेव्हा 3.40 झाले होते. तांदळाचा कट्टा खांद्यावरून खाली टाकल्यावर होतो ना, तसा जड अन् मऊ आवाज. मी अन् बायको दोघंही ताडकन उठून बसलो, क्षणभर सगळं चिडीचूप, अन् मग दोन गोष्टी एकदमच झाल्या. आमच्या पलंगाच्या पायथ्याशी चिमीनं भोकाड पसरलं अन् बाहेरच्या खोलीत आई ओरडली, "बाहीर व्हा! बाहीर व्हा रे!" पाठोपाठ कवाड भिंतीवर आपटल्याचा आवाज. बायकोनं लाईट लावली, मी लेकराला उचललं. सव्वादोन वर्षाची पोरगी, कॉटचा कठडा चढून पलीकडं पडली होती. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ, बाकी काही नाही. पाच मिनिटात तीच माझ्या नाकात बोट घालून "पल्ले" म्हणून सांगायला लागली, जसं काही मोठा पराक्रम करून आलीये.

तिला कडेवर घेऊन बाहेर आलो तर दार सताड उघडं. आई अंगणात गेटजवळ उभी, पायात काही नाही, डोक्यावर पदर नाही, एका हातानं गेटचा गज धरलेला. आमच्याकडं बघतच नव्हती ती. घराकडं बघत होती, वर, स्लॅबकडं. म्हटलं, "काय नाही आई, चिमी पडली कॉटवरून." तर "हो का" म्हणाली. मग बराच वेळ आत आली नाही. समोरच्यांनी लाईट लावून विचारलं काय झालं म्हणून, त्यांना काय सांगावं मला कळेना.

टेंगूळ दोन दिवसात बसलं. आईचं ते गेटजवळ उभं राहणं काही डोक्यातून जाईना.

आता कॉट म्हटलं की आपल्याकडं लोखंडी नळ्यांची, पट्ट्यापट्ट्यांची, कुरकुरणारी वस्तू डोळ्यापुढं येते, हॉस्टेलवर किंवा दवाखान्यात असते तसली. हे तसलं नव्हतं. चारी बाजूंनी लाकडी गजाचं कुंपण असलेला लेकराचा छोटा पलंग, पुण्याच्या मेहुण्यानं त्यांचं पोरगं मोठं झाल्यावर आमच्याकडं पाठवलेला, ट्रॅव्हल्सच्या डिकीत, सुटे भाग अन् नटबोल्ट एका कॅरीबॅगमध्ये भरून. ऑनलाईनवाले त्याला कॉटच म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. आई पहिल्या दिवसापासून त्याला डालगं म्हणायची. कोंबड्या झाकायचं असतं ते डालगं. "लेकराला कशाला डालग्यात कोंडायलाव?" हे तिचं वाक्य दिवसातून एकदा तरी ठरलेलं. मी म्हणायचो, अगं झोळीत तरी कुठं लेकरू मोकळं असतं, उलट मुटकुळं होतं त्याचं. ती म्हणायची, झोळीला हात लागतो माणसाचा. यावर मला उत्तर सुचत नव्हतं, अजूनही सुचत नाही, पण खरं सांगायचं तर त्या गजांनी आम्हाला दोन वर्ष झोप दिली. लेकरू आत टाकलं की ते आतच असणार, एवढी खात्री आयुष्यात दुसऱ्या कशाची होती?

डॉक्टरांनी खरं तर आधीच सांगून ठेवलं होतं. लसीकरणाला गेलो तेव्हा म्हणाले, गादी सगळ्यात खालच्या खाचेत बसवा, आत मोठी खेळणी अन् लोड ठेवू नका, त्याच्यावर पाय देऊन चढतात, अन् उंची 35 इंच म्हणजे 89 सेंटीमीटरच्या आसपास गेली किंवा उभं राहिल्यावर कठडा छातीच्या खाली आला की ते कॉट काढा, मग वय किती का असेना. दीड वर्षापासून साडेतीनपर्यंत कधीही ही वेळ येते म्हणे. आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं रेघा ओढत होतो, 86, 87, अन् अजून दोन सेंटीमीटर आहेत म्हणून निवांत होतो, जसं काही लेकराला पण 89 झाल्याशिवाय चढायचं नाही हे माहीत आहे. अन् आतमध्ये मामानं दिलेला हत्ती होताच. त्याच्याच पाठीवर पाय दिला तिनं.

तर दुसऱ्या दिवशीच ठरलं, कॉट बंद.

पण बंद करून टाकायचं कुठं? आई म्हणाली, खाली टाका गादी, तुमी काय पलंगावर वाढलाव का. म्हणणं खरंच होतं. पण आमची कॉलनी रिंगरोडच्या पलीकडची, मागं मोकळे प्लॉट अन् काटेरी बाभळी, उन्हाळ्यात एक-दोन विंचू तरी निघतातच घरात. तेव्हा सुतार बोलावला. त्याला सांगितलं, जमिनीपासून दहा इंच उंच, गादी धरून, लेकरू पडलं तरी लागू नये असा छोटा दिवाण पाहिजे. त्यानं टेप लावून चिमीकडं एकदा बघितलं अन् म्हणाला, "साहेब, लेकरू वाढतंय, सहा बाय तीनचा करा, कॉलेजला जाईस्तोवर चालंल. उंची मंग पाय लावून वाढवू." इतका लांबचा विचार आम्ही आमच्या नोकऱ्यांचाही केला नव्हता. केला सहा बाय तीनचा. गादी फोमची नको, आपली कापसाची, गादीघरातून चापून भरून आणलेली, चार इंची. गादी अन् भिंत यात फट राहिली तर लेकरू त्यात सरकून अडकतं, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, म्हणून दिवाण अगदी कोपऱ्यात घट्ट लावला अन् तरी राहिलेल्या बोटभर फटीत आईनं जुनी वाकळ गुंडाळून ठोसून बसवली.

अन् त्याच्यावर लाल रबरी शीट, दवाखान्यात असते तसली. हे शीट म्हणजे लातूरकरांसाठी चैन नव्हे. बाकीच्या गावात लेकरानं गादी ओली केली तर आया वैतागत असतील, आमच्याकडं हिशेब करतात. नळ किती दिवसांनी येणार, टाकीत किती आहे, वाकळ धुवायला किती बादल्या जातील. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेलं गाव हे, आमच्या डोक्यातून बादली जात नसते. बायकोनं तर झोपायच्या आधी पाणी किती पाजायचं याचं पण माप ठेवलं होतं, ते चिमीनं दुसऱ्याच दिवशी मोडून काढलं, "पाणी" हा एकच शब्द अकरा वेळा म्हणून.

मोकळ्या दिवाणाचा खरा अर्थ आम्हाला हळूहळू कळायला लागला. आजवर लेकरू गजाआड होतं अन् घर बाहेर. आता सगळं घरच तिचं कॉट झालं, रात्रीसुद्धा, आम्ही झोपेत असताना. मग मी एका रविवारी गुडघ्यावर रांगत सगळं घर बघितलं. तिच्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं, सगळीकडं नुसते कोपरे. कपाटाचे खण ओढून त्याच्यावर पाय देऊन चढली तर कपाट अंगावर येईल, म्हणून दोन्ही कपाटं एल आकाराच्या पट्ट्या ठोकून भिंतीला जखडली. कूलर पत्र्याचा, त्याला ओल्या हातानं लेकरू चिकटल्याच्या गोष्टी आपल्याकडं दर उन्हाळ्यात कानावर येतात, तो उचलून खिडकीच्या बाहेर स्टँडवर नेला, मिस्त्रीकडून अर्थिंग तपासून घेतली. संडासच्या दाराला वर खिटी. आई हे सगळं बघत होती. कॉट, शीट, डॉक्टर या सगळ्याला नाकं मुरडणारी माझी आई कपाट भिंतीला जखडताना मात्र स्वतः येऊन उभी राहिली, पट्टी धरली, अन् "दुसऱ्या बाजूनी बी ठोक" म्हणाली. मग स्टूल घेऊन आली अन् तिच्या खोलीच्या माळ्यावरची रिकामी ट्रंक पण उतरव म्हणाली. मी म्हटलं तिथपर्यंत चिमी पोचत नाही गं. ती म्हणाली, "चिमीसाठी न्हाई."

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही सगळे माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर झोपायचो. संध्याकाळी वर पाणी शिंपडायचं, तापलेल्या पांढऱ्या मातीचा वास यायचा, मग ओळीनं वाकळा पडायच्या, एका टोकाला आजी, दुसऱ्या टोकाला पितळी तांब्या, मधी दहा-बारा लेकरं. कुणाची जागा ठरलेली नसायची. अमक्याची गादी, तमक्याची उशी असलं काही नाही, रात्री एकाच्या शेजारी झोपावं अन् सकाळी भलत्याच्याच पायाशी उठावं. कुणी लोळत लोळत कडेला गेलं तर आजी झोपेतच घोट्याला धरून ओढून घ्यायची. वर सप्तर्षी. आजी त्या चार चांदण्यांना म्हातारीची बाज म्हणायची अन् मागच्या तिघांना चोर, ते बाज पळवायला आलेत अन् म्हातारी जागी आहे म्हणून त्यांना जमत नाही. मला तेव्हा ती म्हातारी कधी झोपते याची लई काळजी वाटायची. पहाटे गार वारं सुटलं की एकच वाकळ चौघांत ओढाताण होऊन फाटायची. इतकी चांगली झोप मला नंतर कुठल्याच गादीवर लागली नाही. हे लिहिताना माझं मलाच कळतंय की मी आठवण रंगवतोय, डास होते, ढेकूण होते, एकदा मामेभाऊ शिडीवरून पडून हात मोडून बसला होता.

तेच माळवद. हात-दीड हात मातीचं ओझं, खाली दगडमातीच्या जाडच्या जाड भिंती. 30 सप्टेंबर 1993 ला, पहाटे 3.56 ला, गणपती बुडवून माणसं नुकती आडवी झाली होती अन् भूकंप झाला. आमचं गाव औशाच्या पलीकडचं, किल्लारीच्या अलीकडं. आमच्याकडं खांबांनी माळवदं बऱ्यापैकी तोलून धरली, भिंती मात्र बाहेर-आत ढासळल्या. मी चार वर्षाचा. आई ही गोष्ट पाहुण्यांना नेहमी सांगायची: मी बाजेवर झोपलेलो, झोपेत लोळत खाली पडलो अन् बाजेखाली सरकलो, अन् भिंतीचे दगड आले ते बाजेवर. बाजेचा गात मोडला पण सुंभ तुटलं नाही. "पडला म्हणून वाचला माझा लेक." बाबांची गोष्ट वेगळी होती, ते म्हणायचे दोन-चारच दगड होते, ते पण पायथ्याला. 2019 ला ते गेले, आता वाद घालायला कुणी नाही, त्यामुळं दगड वाढत चाललेत. मला स्वतःला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतं ते नंतरचं, अंगणात ताडपत्रीखाली झोपलेलो, पाऊस, वाकळांना येणारा कुबट वास, अन् मग पत्र्याचं शेड. मला त्या पत्र्यावर पाऊस वाजला की मजा वाटायची. मोठी माणसं का गप्प आहेत हे विचारायचं वय नव्हतं.

तेव्हापासून आई कवाडाजवळ झोपते. खाली, वाकळ टाकून, उशाला बॅटरी. अन् रात्री दाराला कडी लावत नाही, नुसतं लोटून घेते. गाव सुटलं, लातूरला कॉलममध्ये सळया मोजून घर बांधलं, तरी कडी नाही. आम्हाला सवय झाली. बाहेर गेटला कुलूप असतं म्हणून बायकोनंही कधी काही म्हटलं नाही.

पहिल्या रात्री चिमीला दिवाणावर टाकलं, शेजारी हत्ती, भिंतीला वाकळ. मला वाटलं आता ही उधळणार. तर झालं उलटंच. रात्री एकला जाग आली तिला, उठून बसली, दिवाणाच्या कडेपर्यंत आली अन् तिथं उभी राहिली. जिथं गज असायचे त्याच रेषेत. दोन्ही हात पुढं, मुठी मिटलेल्या, गज धरल्यासारख्या. अन् हाका मारायला लागली, "पप्पा, काढ." दहा इंच उंची. रोज सोफ्यावरून उड्या मारणारी पोरगी. समोर काहीसुद्धा नव्हतं अन् तिला उतरता येत नव्हतं. मी अंधारात पडल्या पडल्या बघत होतो, उठायचं सोडून. सलग चार रात्री असं झालं. पाचव्या रात्री तिला शोध लागला, अन् मग आमचं काही खरं राहिलं नाही. बायकोनं मोजलं, एका रात्रीत नऊ वेळा. यूट्यूबवर सांगतात काही न बोलता, न रागावता, लेकराला उचलून परत जागेवर ठेवायचं, दरवेळी. दोनदा जमलं, तिसऱ्यांदा मी बोललो अन् चौथ्यांदा काय बोललो ते लिहीत नाही. या वयाच्या लेकराला दुपारची डुलकी धरून 11 ते 14 तास झोप लागते म्हणे. असेल. आई-बापाला किती लागते ते कुणी सांगत नाही.

याच आठवड्यात कधीतरी, मी ऑफिसहून आलो तर आई अन् बायको मेथी निवडत बसलेल्या. मी मोरीत हातपाय धूत होतो. आई हळू आवाजात म्हणत होती, "मी लेकराला तसंच टाकून पळाले गं." बायको म्हणाली, "आवं आई, झोपेत काय कळतंय माणसाला." आई म्हणाली, "तव्हा बी कळलं नव्हतं." मग नुसता काड्या मोडल्याचा आवाज.

मी नळ चालूच ठेवला. पाण्याची बचत वगैरे सगळं विसरून.

एवढी वर्ष मी ती गोष्ट ऐकतोय, बाज, सुंभ, दगड. धाकटी बहीण झोळीत होती, तिला आईनं काढलं अन् बाहेर पळाली, हेही त्यातच असायचं, एका वाक्यात, घाईत. मला बाबांनी बाजेखालून ओढून काढलं, तेही असायचं. सगळं तिनंच सांगितलेलं, लपवलेलं काही नाही. पण या दोन वाक्यांच्या मधी ती कुठं होती, किती वेळ होती, अंगणात उभं राहून घराकडं कशी बघत होती, हे कधी माझ्या डोक्यातच आलं नाही. मागच्या महिन्यात बघेपर्यंत. विचारावं का? काय विचारणार. कुणीही तेच केलं असतं, दोन हातात एक लेकरू घेऊन माणूस अजून काय करणार. हे मी तिला सांगू शकत होतो. सांगितलं नाही. जेवायला बसलो, मेथी चांगली झालीये म्हटलं.

पण कडीचा प्रश्न आता आला होता. रात्री हिंडणारं लेकरू अन् नुसतं लोटलेलं कवाड. गेटला कुलूप असलं तरी अंगणात पाण्याचा हौद आहे, दोन पायऱ्या आहेत, कुत्री गेटखालून आत येतात. बायको म्हणाली, तुम्ही बोला. मी म्हटलं, तू बोल. आठ दिवस कुणीच बोललं नाही, मी हौदावर झाकण टाकून त्याच्यावर दगड ठेवला अन् स्वतःला समजावलं. आईनं तिकडं भलतंच केलं. चिमीच्या पायात घुंगराच्या तोरड्या घातल्या, सराफ्यातून स्वतः जाऊन आणल्या, नेहमीपेक्षा मोठ्या घुंगराच्या. म्हणाली, "शोभतात." आता रात्रभर घरात छुम छुम. दिवाणावर कूस बदलली की बारीक वाजतं, उतरली की दोन ठोके, मग आमच्याकडं यायला सहा पावलं, आजीकडं जायला चौदा. आम्ही तिघंही अंधारात डोळे मिटून मोजत असतो. बहुतेकदा चौदाच होतात. सकाळी ती आजीच्या वाकळंवर, कवाडाच्या पुढ्यात आडवी पडलेली सापडते, अन् आईचा हात तिच्या घोट्यावर.

सहा बाय तीनच्या दिवाणावर सध्या हत्ती झोपतो. कॉटचे गज, नटबोल्ट सगळं सुटं करून बांधून माळ्यावर टाकायला निघालो तर आई म्हणाली, वर नको, कुणाला तरी देऊन टाक. दिलं. निलंग्याच्या मैत्रिणीला मुलगा झालाय. ती फोनवर म्हणाली, किती दिवस वापरता येतं रे हे? म्हटलं, 89 सेंटीमीटर.

काल रात्री झोप लागत नव्हती. लाईट गेलेली, कूलर बंद, सगळं घर गप्प झाल्यावर बारीकसारीक आवाज मोठे होतात तसं झालं होतं. छुम छुम चौदा पावलं गेली, थांबली. आई काहीतरी पुटपुटली, लेकरू हसलं. मग बराच वेळानं दाराकडून एक आवाज आला, लोखंडावर लोखंड घासल्याचा, हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असा. मला तो ओळखूच आला नाही आधी. आमच्या घरात रात्री तो कधी होतच नाही ना.

मी पडून राहिलो, पण मग मलाच झोप येईना. पाणी प्यायचं निमित्त करून उठलो. मोबाईलच्या उजेडात दोघी झोपलेल्या, एकीचा घोटा दुसरीच्या मुठीत. कवाडाला कडी लावलेली होती. पुरती नाही, अर्धीच सरकवलेली, बोटानं उडवली तर निघेल अशी.

मी ती तशीच राहू दिली अन् येऊन पडलो.